एका घरातील दोन चुली : ‘स्मृतिचित्रे’मधील पश्चात्ताप आणि समेट

आपल्या कॅथलिक घरांतील पुस्तकांच्या फळीकडे पाहिले, तर पवित्र शास्त्र, प्रार्थनापुस्तक, गीतांचे पुस्तक आणि एखाद्या संताचे चरित्र एवढा ऐवज बहुधा आढळतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ त्या फळीवर क्वचितच दिसते. शाळेत त्यातील एखादा उतारा आपण वाचलेला असतो, त्यातील विनोदाला हसलेलोही असतो; पण टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, तेव्हा ते पुस्तक त्यांच्या मंडळींचे, अशी काहीशी समजूत करून घेऊन आपण ते बाजूला ठेवलेले असते. मराठी सारस्वताने ज्या ग्रंथाला अभिजात म्हणून मानाचे पान दिले, तो ग्रंथ ज्या श्रद्धेच्या वाटेने लिहिला गेला, त्या श्रद्धेच्या घरी मात्र पाहुण्यासारखा राहिला आहे. ही गोष्ट खेदाची तर आहेच. शिवाय आपल्या नुकसानीची आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याच्या भाषेचे, विनोदाचे आणि प्रांजळपणाचे कौतुक थोर समीक्षकांनी पूर्वीच केले आहे. त्यात भर घालण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मी हे पुस्तक एका वेगळ्या प्रश्नाच्या उजेडात वाचू इच्छितो. तुटलेले घर पुन्हा जुळते ते नेमके कोणत्या क्रमाने? आधी सर्वांची मते एक व्हावीत, चुकलेल्याने चूक कबूल करावी आणि मग दार उघडावे, असा क्रम आपण गृहीत धरतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो क्रम उलटा आहे. तिथे दार आधी उघडते. मने त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, आपापल्या गतीने जुळतात. माझ्या मते या आत्मचरित्राचे खरे ख्रिस्ती मोल येथे आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

नागपूरची वाट

आम्हा नागपूरकरांना या पुस्तकाशी जवळीक वाटण्याचे आणखी एक कारण आहे. नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ नागपुरात होते. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते येथे संस्कृत ग्रंथांचे काम करीत. पुढे नोकरीसाठी ते राजनांदगाव संस्थानात जाण्यास निघाले. त्या आगगाडीच्या प्रवासात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. काव्याविषयी आणि धर्माविषयी दोघांचे बोलणे झाले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांच्या हकिकतीत तो गृहस्थ अनामिकच राहिला. पुस्तक चाळता चाळता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचे मन मागे फिरले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार झाला.

ही हकिकत प्रवचनात सांगायला मोठी सोयीची आहे. अनोळखी प्रवासी, छोटेसे पुस्तक, खरे ठरलेले भाकीत. ईश्वरी योजनेचे याहून सुबक उदाहरण शोधून सापडणार नाही. परंतु ही टिळकांची बाजू झाली. ज्या दिवशी मुंबईत एक माणूस नवा झाला, त्याच दिवशी एक ब्राह्मण स्त्री आपल्या लहानग्या मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत, नवरा असूनही नसल्यासारखी झाली. त्या काळी पतीने धर्म सोडला की पत्नीची अवस्था विधवेहून बिकट होई. विधवेला निदान शोक करण्याचा अधिकार असे. हिच्या वाट्याला शोकाबरोबर लाजही आली. ‘स्मृतिचित्रे’ हे तिचे पुस्तक आहे.

मागे राहिलेलीची साक्ष

मराठी ख्रिस्ती साहित्यात धर्मांतराच्या आत्मकथनांची परंपरा जुनी आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे तिचे ठळक उदाहरण. अशा कथनांत सत्याचा शोध घेणारा स्वतः बोलत असतो. त्याच्या शंका, त्याचा अभ्यास, त्याने सोसलेला छळ यांचे वर्णन येते. ज्यांना तो मागे ठेवून जातो, ती माणसे विरोधक म्हणून किंवा कसोटी म्हणून तेवढी दिसतात. त्यांना काय वाटले हे आपल्याला कळत नाही.

लक्ष्मीबाईंनी ही उणीव भरून काढली. एका घरात एकाला प्रकाश दिसला म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला किती अंधार येऊ शकतो, हे त्यांनी कोणताही आवेश न आणता सांगितले. पती ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हाची आपली अवस्था, नातेवाइकांची धावपळ, लोकांचे टोमणे, मुलाकडे पाहून पुन्हा उभे राहणे, हे सारे त्या लिहितात. पण हे लिहिताना त्या ख्रिस्ती झालेल्या आहेत, पतीवर त्यांचे प्रेम आहे आणि तो आता या जगात नाही. त्या वेळचे दुःख खोटे होते, अज्ञानाचे होते, असे म्हणून ते पुसून टाकणे त्यांना सहज शक्य होते. आपल्या धार्मिक नियतकालिकांतून येणाऱ्या पुष्कळ अनुभवकथनांत हेच घडते. आधीचे सारे काळे आणि नंतरचे सारे पांढरे. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. जे दुःख होते ते त्यांनी दुःखच ठेवले.

मला हा केवळ वाङ्मयीन प्रामाणिकपणा वाटत नाही. हा एक नैतिक निर्णय आहे. समेट व्हावयाचा असेल तर झालेल्या जखमेला जखम म्हणावे लागते. ‘झाले ते बऱ्यासाठीच झाले’ असे दुखावलेल्या माणसाला सांगून केलेला समेट फार काळ टिकत नाही.

ईश्वरी योजना कोणाच्या हातून?

येथे आपण ईश्वरी योजनेच्या प्रश्नापाशी येतो. आपण ख्रिस्ती लोक मानतो की परमेश्वर आपल्या लेकरांची काळजी वाहतो आणि माणसाच्या चुकीतूनही बरे निर्माण करू शकतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा याचा आदिपाठ होय. भावांनी त्याला विकले. पुढे दुष्काळात त्याच भावांना त्याच्या हातचे धान्य खावे लागले. योसेफ त्यांना सांगतो की तुमच्या मनात माझे वाईट होते, पण देवाने त्यातून पुष्कळांचे प्राण वाचवले. या वाक्याचे दोन भाग आहेत आणि आपण बहुधा दुसराच लक्षात ठेवतो. योसेफ पहिला भाग गाळत नाही. भावांनी केले ते वाईट होते, हे तो स्पष्ट म्हणतो. आणि ते म्हणण्यापूर्वी तो मोठ्याने रडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ईश्वरी योजनेची भाषा तेथे ज्याने सोसले त्याच्या तोंडी आहे. भावांनी येऊन ‘ही देवाचीच योजना होती’ असे म्हटले असते, तर ते शब्द निर्लज्जपणाचे ठरले असते.

‘स्मृतिचित्रे’ ही सीमा जाणते. चार-पाच वर्षांची ती ताटातूट देवाने मुद्दाम घडवून आणली, असा निष्कर्ष लक्ष्मीबाई वाचकांच्या माथी मारीत नाहीत. त्या घटना सांगतात आणि थांबतात. पण लक्ष देऊन वाचणाऱ्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षांत लक्ष्मीबाईंना आणि त्यांच्या मुलाला, दत्तूला, कोणी सांभाळले? बहिणीने, मेहुण्यांनी, सोवळ्याओवळ्याच्या हिंदू नातलगांनी. पंढरपूरसारख्या क्षेत्राच्या ठिकाणी, विठोबाच्या सावलीत, एका धर्मांतरिताच्या बायकोला आणि मुलाला त्या माणसांनी आपल्या ताटातले वाढले. त्यांना टिळकांचे करणे पसंत नव्हते. तरी त्यांच्या पत्नीला त्यांनी टाकले नाही.

म्हणजे ज्या कुटुंबाला पुढे ख्रिस्ताच्या नावाने एकत्र यायचे होते, त्याचे रक्षण ख्रिस्ताचे नाव न घेणाऱ्या हातांनी केले. ईश्वरी योजना या शब्दाला येथे ठोस अर्थ मिळतो. आगगाडीतील अनोळखी प्रवासी हे तिचे एक रूप खरेच. परंतु वर्षानुवर्षे रोज भाकरी थापणारी बहीण हे तिचे दुसरे आणि, माझ्या अल्पमतीप्रमाणे, अधिक थोर रूप आहे. आपल्या प्रवचनांत पहिल्याचा उल्लेख वारंवार होतो. दुसरीला आपण विसरतो. लक्ष्मीबाई विसरल्या नाहीत. आपल्या हिंदू आप्तांविषयी त्यांच्या लेखणीतून कडवटपणाचा एक थेंबही गळत नाही, याचे मूळ या कृतज्ञतेत आहे.

दोन चुली

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे वळू. ताटातुटीच्या काळात टिळकांनी पत्नीशी संबंध तोडला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीला गेले. येथे त्या काळच्या कायद्याची माहिती उपयोगी पडेल. ब्रिटिश सरकारने १८६६ साली असा कायदा केला होता की, धर्मांतराच्या कारणावरून पतीने वा पत्नीने सहवास नाकारला, तर ख्रिस्ती झालेल्या जोडीदाराला न्यायालयामार्फत तो विवाह रद्द करून घेता यावा आणि पुन्हा लग्न करता यावे. आपल्या धर्मसभेच्या परंपरेतही, संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या बोधपत्राच्या आधारे, अशा विवाहबंधनातून मोकळीक देण्याची तरतूद आहे. म्हणजे वाट मोकळी होती. टिळकांनी ती धरली नाही.

मात्र त्याच बोधपत्रात पौल त्याआधी जे सांगतो ते अधिक महत्त्वाचे आहे. श्रद्धा न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल, तर श्रद्धावंताने त्याला टाकू नये. प्रेषिताने अट घातली आहे ती एवढीच : राजी असणे. श्रद्धा एक असणे ही अट तो घालत नाही.

लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या, त्या नेमक्या या अटीवर. त्या ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नव्हत्या. आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल त्या जपणार होत्या. टिळकांनी ते मान्य केले आणि धर्मांतराची सक्ती त्यांच्यावर केली नाही. ज्या माणसाने जातिभेद झुगारून देण्यासाठी घरदार पणाला लावले, त्याच्याच घरात त्याच्या हातचे पाणी न चालणारी पत्नी नांदू लागली. बाहेरून पाहणाऱ्याला हा विनोद वाटावा. लक्ष्मीबाईंनाही पुढे तो विनोद वाटला आणि त्यांनी तो त्याच रीतीने सांगितला आहे. परंतु या विनोदाच्या तळाशी दोन मोठे त्याग आहेत. पत्नीने समाजाचा रोष पत्करला. कारण बाटलेल्या नवऱ्याकडे परत जाणे म्हणजे परतीचे दोर कापून टाकणे होते. पतीने आपल्या विजयाचा हट्ट सोडला. नवा श्रद्धावंत स्वभावतः उतावळा असतो, आणि टिळक तर स्वभावानेच तापट नि उतावळे होते. त्यांनी येथे थांबणे पत्करले, हे त्यांच्या कोणत्याही कवितेइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

कुटुंबाचा समेट या पुस्तकात घडतो तो येथे, दोन चुली असलेल्या या घरात. १९०० साली लक्ष्मीबाईंचा स्नानसंस्कार झाला; ते त्या समेटाचे फळ होते. आपल्याकडे ही कथा सांगताना बहुधा स्नानसंस्कारापाशी आनंदाचा क्षण आणून ठेवतात आणि आधीचे दिवस ‘अजून मन वळले नव्हते’ म्हणून घाईने ओलांडतात. मला ही मांडणी सदोष वाटते. त्या दोन चुली पेटत्या राहिल्या नसत्या, तर पुढची एक चूल पेटलीच नसती.

पश्चात्ताप कशाचा?

लक्ष्मीबाईंच्या मनात पालट कसा झाला, हे समजण्यासाठी पुस्तकाच्या आरंभाकडे जावे लागते. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. त्या अतिरेकाचा जाच घरातील बायकामुलांनी किती सोसला, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. परंतु ज्या सोवळ्याने त्यांचे बालपण गांजले, तेच सोवळे पुढे त्यांनी पतीच्या घरी कवटाळून धरले. माणूस ज्याने पीडला जातो त्यालाच पुष्कळदा आपला आधार समजतो, हे मनाचे गूढ त्यांनी कोणत्याही शास्त्राचा आव न आणता दाखवले.

मग एके दिवशी त्या विचार करू लागल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या शरीरांत त्याने भेद ठेवला असता. तसा भेद दिसत नाही; तेव्हा हे माणसांचेच करणे. हा विचार त्यांनी शेवटापर्यंत नेला आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. त्या क्षणी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या.

धर्मशिक्षणात आपण शिकतो की पश्चात्तापाचे तीन भाग आहेत : अंतःकरणाचा अनुताप, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त. लक्ष्मीबाईंच्या या पालटात तिन्ही आहेत, फक्त त्यांची नावे तेथे नाहीत. शेजाऱ्याला विटाळ मानले हा अनुताप. सर्वांसमक्ष, छापील पानावर, आपल्या सोवळ्याची थट्टा करणे हे निवेदन. आणि पुढच्या आयुष्यात अनाथ, दुष्काळपीडित, आजारी अशा कोणत्याही जातीच्या मुलांना आपल्या घरात घेणे हे प्रायश्चित्त. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देवाविषयीची त्यांची श्रद्धा बदलण्याआधी माणसाविषयीची त्यांची वृत्ती बदलली. वेदीपाशी अर्पण आणण्याआधी भावाशी समेट कर, असे प्रभूने डोंगरावरील त्याच प्रवचनात सांगितले आहे. टिळकांनी ते प्रवचन वाचले. लक्ष्मीबाईंनी, न वाचताच, त्याचा क्रम पाळला.

या ठिकाणी आपण कॅथलिकांनी थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक महागुरुपरिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि धर्मसभेच्या अंगणातही जातिभेद नांदतो, हे लेखी मान्य केले. स्नानसंस्कार होऊनही सोवळे सुटले नाही, असा त्याचा अर्थ. मुलामुलींची स्थळे पाहताना आपण पूर्वीची जात कशी हळूच विचारतो, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी सोवळे आधी सोडले आणि स्नान नंतर केले. आपण स्नान केले आणि सोवळे जपले.

पुस्तकाची मर्यादा

समीक्षकाने उणिवांकडे डोळेझाक करू नये. या पुस्तकात टिळकांचा अनुताप कोठे आहे, असा प्रश्न वाचकाला पडतो. पत्नीला विश्वासात न घेता त्यांनी एवढे मोठे पाऊल उचलले. त्याबद्दल त्यांच्या मनाला काय यातना झाल्या, हे आपल्याला पुरेसे कळत नाही. त्यांचा विसरभोळेपणा, त्यांची उधळी दानत, त्यांचा राग यांवर लक्ष्मीबाई प्रेमाने हसतात, आणि त्या हसण्यात पतीचे काही हिशेब आपोआप माफ होऊन जातात. विनोद हे त्यांच्या क्षमेचे रूप आहे, हे मान्य. परंतु जिथे क्षमा इतकी सढळ असते तिथे न्यायाचा प्रश्न कधी कधी विचारलाच जात नाही. आजच्या वाचक भगिनींना हे खटकले तर ते योग्यच आहे. पत्नीने सोसावे आणि हसून सांगावे, हा या पुस्तकाचा उपदेश आहे असे कोणी समजू नये. घरात मारहाण व अपमान सोसणाऱ्या स्त्रीला ‘लक्ष्मीबाई बघा’ असे सांगणे हा तर या ग्रंथाचा दुरुपयोग ठरेल. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपल्या अटीवर, आपली चूल घेऊन आल्या. त्यांच्या क्षमेला कणा होता.

दुसरेही एक सांगितले पाहिजे. समेट झाल्यावर टिळकांचे घर गोकुळ झाले, असे चित्र लक्ष्मीबाई रंगवीत नाहीत. भांडणे चालूच राहिली; पैशाची ओढाताण चालू राहिली. मला ही मर्यादा वाटत नाही, हे बळ वाटते. समेट एकदाच होत नाही. तो भाकरीसारखा रोज ताजा करावा लागतो.

आपल्या घरांसाठी

उधळ्या पुत्राचा दाखला आपण दर वर्षी प्रायश्चित्तकाळात ऐकतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली समेट आणि प्रायश्चित्त या विषयावर जे प्रेषितीय बोधपत्र लिहिले, त्यात त्यांनी या दाखल्यातील थोरल्या मुलाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. धाकटा घरी आला तरी थोरला दाराबाहेर उभा आहे, तोवर ते घर दुभंगलेलेच. दाखल्याचा शेवट संत लूक सांगत नाही. थोरला आत गेला की नाही, हे आपल्याला कळत नाही. आणखी एक बारकावा असा की, धाकट्याने घोकून ठेवलेली क्षमायाचना पुरी होण्याआधीच बाप त्याच्याकडे धावत गेलेला असतो. म्हणजे दार आधी उघडते, हा क्रम लक्ष्मीबाईंनी शोधलेला नाही. तो प्रभूच्याच दाखल्यातला आहे. आपण तो उलटा केला आहे.

घरभेटीच्या निमित्ताने धर्मगुरूला अनेक उंबरठे ओलांडावे लागतात. मुलीने समाजाबाहेर लग्न केले म्हणून तिचा फोटो भिंतीवरून उतरलेला असतो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोन भाऊ एकाच मिस्साला येतात, वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात आणि मध्ये एकाच ख्रिस्तशरीराचा स्वीकार करतात. मुलगा दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनासभेला जाऊ लागला म्हणून आई त्याच्याशी बोलत नाही. प्रत्येकाचे म्हणणे एक असते : त्याने आधी चूक कबूल करावी. आणि बहुधा पुढचे वाक्य असते : देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. पहिल्या वाक्याने आपण दार लावतो आणि दुसऱ्याने कडी देवाच्या हाती दिल्याचे भासवतो.

‘स्मृतिचित्रे’ अशा घरांना पेलेल अशी एक वाट दाखवते. मत एक होईपर्यंत थांबू नका. दोन चुली चालतील, घर एक करा. मुलीच्या लग्नाला आपली संमती नसेल, तरी तिच्या बाळाला पाहायला जाता येते. वाटणीचा दावा चालू असेल, तरी भावाच्या आजारपणात डबा नेता येतो. पंथ वेगळा असेल, तरी जेवणाआधीची प्रार्थना एकत्र म्हणता येते. याने तत्त्वाला बाध येत नाही. टिळकांनी आपली श्रद्धा लपवली नव्हती आणि लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. तरी ते दोघे एका छपराखाली आले, आणि देवाला काम करायला जागा झाली.

त्या जागेतून काय उगवले, ते सांगून हा लेख संपवतो. टिळकांनी प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची परंपरा आपल्या कॅथलिक वारशात आहेच, तिच्याशी नाते सांगणारे हे काम होते. टिळकांच्या हातून पहिले दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या मुलीला शाळा ठाऊक नव्हती, जिने पतीच्या हातचे पाणी नाकारले होते, तिने त्याचे अपुरे काव्य पुरे केले. १९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्या बसल्या, त्या आपल्या याच नागपुरात. ज्या गावाहून त्यांचे पती राजनांदगावच्या गाडीत बसले होते, तेथे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या.

येत्या प्रायश्चित्तकाळात आपल्या घरांतून हे पुस्तक मोठ्याने वाचले जावे, अशी माझी नम्र सूचना आहे. रात्री जेवणानंतर रोज पाच-सहा पाने पुरेत. मुले हसतील, वडीलधारी मंडळीही हसतील. ज्या घरात कोणा एकाचे नाव घेणे बंद झाले आहे, तेथे वाचता वाचता एखादे वेळी ते नाव कोणाच्या तरी ओठांवर येईल. त्या वेळी कोणी त्याला अडवू नये.